पहिली सही

मंगळवार, संध्याकाळ, नाशिक

आज रिपोर्टवर पहिल्यांदा माझी सही झाली आणि त्याच सहीनं सायली मला सोडून गेली.

बीएस्सी अर्धवट सोडून द्राक्षं तपासायच्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून लागलो. आमच्याकडे नमुन्यावर फक्त नंबर असतो, नाव नसतं. सकाळी एका नमुन्यात फवारणीच्या औषधाचा अंश जास्त निघाला. मॅडम म्हणाल्या, "दोनदा तपासलंस ना? मग सही तूच कर." केवढा फुगलो मी!

दुपारी सायलीचा फोन. "आमचा माल परदेशी जात नाही आता. खाली तुझी सही आहे!"

नमुना कुणाचा ते माहीत नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. पण माझं डोकं! म्हणालो, "फवारल्यावर तोडणीपर्यंतचे दिवस तुझ्या पप्पांनी मोजायचे होते."

"बाटल्या धुणारा तू, पप्पांना शिकवतोस? परत फोन करू नकोस."

सही खरी आहे, ती मागे घेणार नाही. पण तसं का बोललो? तोडणी थोडे दिवस थांबवली तर अंश उतरेल, पुन्हा नमुना देता येईल, हे राहूनच गेलं. ती फोन उचलत नाही. पप्पा उद्याच तोडणी लावतील, मिळेल त्या भावात विकतील. पिंपळगावला त्यांच्या बागेत जाऊन सांगायलाच हवं. मारायला उठले तर उठू देत. ती काही परत येणार नाही, माहीत आहे.

वही ठेवतो. दार ओढून निघतो.