उठायची पेशी

६ जानेवारी २०२५
आज पिरनवाडीला आले! आई निपाणीहून सोडायला आलती. बसमध्ये माझी पिशवी तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही. प्रयोगशाळेची इमारत नवी आहे. खाली यंत्रं, वर दोन खोल्या. एक माझी, एक ऋतिका आक्काची. आक्का आमच्याच गल्लीतली. विहाराच्या अभ्यासिकेत तिनंच मला जीवशास्त्र शिकवलं आणि आता संशोधन सहायक म्हणून तिनंच बोलावून घेतलं. आई तिला म्हणाली, "माझी पोरगी तुझ्या पदरात घालतोय बघ." आक्कानं आईचे दोन्ही हात हातात घेतले.

९ जानेवारी
काम वेड लावणारं आहे. झुरळाच्या इवल्याशा मेंदूचे हजारो पातळ काप करून त्यांचे फोटो काढलेत. एका फोटोतला चेतापेशीचा धागा पुढच्या फोटोत शोधायचा, रंग भरायचा, पुन्हा पुढचा फोटो. असं करत कुठली पेशी कुणाला जोडलीय त्याचा नकाशा होतो. आज मी एक पेशी पार टोकापर्यंत नेली. आक्का खूश होऊन खव्याचा गोड कुंदा घेऊन आली.

१५ जानेवारी
आज गांधीलमाशी पाहिली. हिरवीगार, चकचकीत. ती झुरळाच्या मेंदूत नेमक्या जागी नांगी मारते. झुरळ मरत नाही, लुळंही पडत नाही. फक्त आपणहून चालत नाही. मग माशी त्याची मिशी धरते आणि ते गुमान तिच्या मागं बिळात जातं. तिथं ती त्याच्यावर अंडं घालते. 'उठूया' असं ज्यांच्यामुळं वाटतं, त्या पेशी आम्ही शोधतोय.
माशीच्या विषाची अॅलर्जी होऊ नये म्हणून आक्कानं मला मानेच्या मागं सुई दिली.

२१ जानेवारी
सकाळी दुसरी सुई झाली. नंतर जेवायला उठायचं होतं, पण बसूनच राहिले. पाय दुखत नव्हते. भूक लागली होती. अकराला बसले ती चारपर्यंत. आक्कानं येऊन हात धरला, तशी नीट चालत गेले. ती म्हणाली, थकवा आहे. पण ती माझ्याकडे नाही, घड्याळाकडे बघत होती.

२४ जानेवारी
आक्काची फाईल स्क्रीनवर उघडी राहिली. झुरळांच्या नोंदींखाली माझं नाव, सुविधा. 'दुसरी मात्रा. पाच तास स्वतःहून उठली नाही. हात धरल्यावर चालते.' आणि वर, सगळ्यांत आधीची ओळ: 'सुविधा. घरी फक्त आई. चौकशी करणारं दुसरं कोणी नाही.' ती ओळ ऑक्टोबरातली. मला बोलावलं नोव्हेंबरात.
सकाळीच तिसरी सुई झालेली. दार दहा पावलांवर. उघडं. मी त्याच्याकडे बघत बसले.
लिहिता येतं, कारण पेन आक्का हातात देते. म्हणते, लिहीत जा, बरं वाटेल.

२७ जानेवारी
आई आलती. खालून आवाज आला, "सुवी कुठं हाय गं? फोन लागंना झालाय." आक्का म्हणाली, प्रशिक्षणाला बंगळूरला गेलीय. मी वर होते — जिन्याच्या तोंडाशीच, खुर्चीत. एक हाक — तोंड उघडायचं, एवढंच —
आई म्हणाली, "बरं, शिकू दे." फाटक वाजलं.

३० जानेवारी
विचारलं की बोलता येतं. आक्कानं विचारलं, माझा राग येतो का? व्हय म्हणाले.
तेही तिनं लिहून घेतलं.

२ फेब्रुवारी
आई परत येतेय म्हणे. आक्का सांगते ते लिहायचं, हे पान ती आईला दाखवणार.
आई, मी सुखात हाय. सारखी येऊ नको. आक्का लई जपते मला. अभ्यास
आक्काचा फोन वाजला — ती बाहेर — हात अजून चालतोय, थांबला की संपलं — आई, हे मी न्हाय — सुई देते ती मला — मी वरच हाय — वर ये, माझा हात धर आणि —