अखंड जपाची डबी

सोमवार, ३ नोव्हेंबर
सगळ्यांत आधी आली ती समोरची रंगूबाई. माझी पिशवी अजून दारातच, आणि ही बया घर बघायला आत! खडवली सोडून मी आता डोंबिवलीला लेकाकडे, सुधीरकडे, कायमची आलेय. फ्लॅट कसा, लख्ख! नातीने, श्रियाने, देवघरात ठेवायला जपाची डबी पाठवलीय. प्लग लावला की देवाचं नाव चालूच. पोर पुढच्या गुरुवारी बंगळूरहून येतेय, पहिल्यांदाच विमानात बसून. ती घरी पोचेपर्यंत जप खंडू देणार नाही, असं देवाला बोलून बसलेय. रंगूबाई म्हणे, आजी, देवालाही जरा झोपू द्या की.

शनिवार, ८ नोव्हेंबर
दुपारी दोन माणसं आली. हातात माशाच्या काट्यासारखी अँटेना, गळ्यात सरकारी कार्ड. कार्ड काय, कुणीही छापतं. म्हणाले, विमान संकटात सापडलं की पायलट रेडिओवर हाक मारतो, त्याची वाट वेगळी असते. त्या वाटेवर तुमच्या बिल्डिंगमधून घरघर शिरतेय. घरातली एखादी वस्तू बिघडली असेल, दाखवा. अशी वस्तू दुसऱ्याचा आवाज दाबते म्हणे, तिच्यातून ऐकू मात्र काही येत नाही.
मी डबीचा आवाज बारीक केला, वर देवाचं वस्त्र टाकलं. बंद कशी करू? तोंडाने बोललेय ना देवाला!
गुरुवारी परत येतो म्हणाले. आमचंच घर कुणी दाखवलं यांना? रंगूबाई दाराआडून बघत होती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
डबीतल्या जपाच्या मध्येच कुणीतरी आजी म्हणालं. रंगूबाईचे चाळे! तावातावाने गेले, तर तिच्या दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, रविवारपासून कोपरीला लेकीकडे आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर
परत. श्रियाचाच आवाज. आजी, डबी बंद कर, आमचं कुणी ऐकत नाहीये.
घाईघाईने फोन लावला. पोरगी बॅग भरत होती, खिदळत होती. म्हणजे त्या दोघांचाच डाव. नाही करणार बंद.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
विमान सुटलं. सुधीर आणायला गेलाय.

तीन वाजले. तोच आवाज, तेच शब्द. रडतेय. मागे माणसं ओरडतायत— पोरीचा फोन लागत नाही—

प्लग काढला. जप थांबला. देवा, पदरात घे—

ती नाही थांबली. वायर माझ्या हातात आहे आणि ती विचारतेय, आजी, केलीस का बंद? घरघर अजून—

बेल वाजली. ती माणसं असतील. आजच येतो म्हणाले होते, गुरु