तांब्याचा रुपया

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून चन्नवीर पट्टणशेट्टीबद्दल मनात काही ठेवायचं नाही. ठरलं.

कारण लिहून ठेवतो. आज नाणेसंग्राहक मंडळाच्या बैठकीत त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून डबी, डबीतून रुपया. राणीछाप. तसले माझ्याकडे एकोणीस आहेत. पण हा तांब्याचा. राणीछाप रुपया चांदीचा असतो हे गुजरीतल्या सराफाचं शेंबडं पोरही सांगेल. तांब्यात असतो तो फक्त टाकसाळीतला नमुना. नवा छाप कसा उठतो ते बघायला पाच-दहा पाडायचे, साहेबाला दाखवायचे, काम संपलं. बाजारात ते कधी येत नाहीत. एकतीस वर्षं मी असल्या एका नमुन्याच्या शोधात आहे. ह्याला पेठ वडगावच्या बाजारात जुन्या कुलपांच्या ढिगात मिळाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर, काय चीज आहे? मी भिंग लावून पाच मिनिटं बघितलं. अस्सल. भिंग दोनदा पुसलं, धूळ फार होती. म्हणालो, अभ्यास करावा लागेल.

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७

झोप ठीक. तीनदा उठलो, ते पाणी प्यायला.

चन्नवीरचे कबनूरला यंत्रमाग आहेत. नाणं कडेला धरायचं, बोट लावायचं नाही, हे चार वर्षांपूर्वी त्याला मी शिकवलं. हायस्कूलात जन्मभर इतिहास शिकवला, पण इतका आज्ञाधारक विद्यार्थी बघितला नाही. मी म्हणेन ते त्याला खरं. हा त्याचा गुण. एवढा एकच.

मीनाक्षी म्हणाली, तुमच्या पोटात दुखतंय, ओवा खा. बायकोला नाण्यांतलं काही कळत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

मंडळाच्या ग्रुपवर त्याच्या रुपयाचा फोटो. चौसष्ट अंगठे. दिवाळीत मी शिवराई टाकली होती, तिला अकरा. त्यातला एक मीनाक्षीच्या फोनवरून मीच दिलेला.

मोठ्या मनाने मीही अंगठा दिला. दुपारी काढून घेतला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

चन्नवीर तिळगूळ घेऊन आला. रुपयाही आणला. म्हणाला, सर, ग्रुपवर समदी इचारायल्यात, खरा हाय का खोटा. तुमी एकदा सांगून टाका की. तुमी बोललासा की विषय संपला.

मी एवढंच म्हणालो की चांदीचा रुपया तांब्यात कोण कशाला पाडेल. तो म्हणाला, म्हंजे खोटा? मी म्हणालो, पट्टणशेट्टी, जगात फसवाफसवी फार वाढली आहे. ह्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. एक प्रश्न होता आणि एक सामान्य विधान.

त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, बरं झालं सर, न्हायतर पुण्याला दाखवायला निघालतो, हसं झालं असतं. वाकून नमस्कार केला. मी तिळगूळ खाल्ला. जरा कडवट होता, तीळ करपले असावेत.

योजना: तीन-चार आठवडे थांबायचं. त्याचं मन उडालं की सहज म्हणायचं, ते खोटं नाणं मला दे, पोरांना दाखवायला बरं पडेल. पाचशेसुद्धा घेणार नाही तो. घाई करणारा संग्राहक फसतो. मी घाई करत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

कपाटातला वरचा खण रिकामा केला. तळाशी लाल मखमल. मीनाक्षी विचारत होती, ब्लाउजपीस कुठे गेला?

१९ जानेवारी, रविवार

बैठकीत चन्नवीरने स्वतःच उभं राहून सांगितलं, रुपया खोटा निघाला, सरांनी ओळखला. मंडळाने टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. छान वाटलं, का लपवा.

आजच मागणार होतो. पण टाळ्या घेऊन लगेच हात पसरणं बरं दिसत नाही. पुढच्या रविवारी.

२६ जानेवारी, रविवार

चन्नवीर आला नाही. झेंडावंदन झाल्यावर फोन केला. म्हणाला, हुपरीला आलोय सर, चांदीवाल्याकडं जरा काम हाय. आडून विचारलं, तो रुपया आहे ना? म्हणाला, हाय की. त्येचंच चाललंय. तुमी नगा काळजी करू.

विकतोय की काय? पण मी खोटा ठरवलेला रुपया ह्या जिल्ह्यात कोण घेणार? निर्धास्त आहे. रक्तदाब १५०/९५.

३० जानेवारी, गुरुवार

पत्रिका आली. ९ फेब्रुवारीला मंडळातर्फे माझा सत्कार. खर्च चन्नवीरचा. पाहुण्या पुण्याच्या डॉ. अनुजा, लिलावातल्या नाण्यांची किंमत ठरवतात. माझ्या नावापुढे छापलंय 'नाणेतज्ज्ञ'. मीनाक्षीला दोनदा वाचून दाखवलं.

सत्कार झाला की फेटा डोक्यावर असतानाच रुपया मागायचा. कोल्हापुरात फेटा बांधलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६

क्रमाने लिहितो.

शाल, श्रीफळ, फेटा. मग सन्मानचिन्ह. सागवानी चौकट, दोन्ही बाजूंनी काच, आणि मधे चांदीचा राणीछाप रुपया. म्हटलं, चला, एकोणीस होते, हा विसावा. तेवढ्यात चन्नवीर माइकवर म्हणाला, मंडळी, ह्यो त्योच रुपया हाय. खोटा असला म्हणून काय झालं, सरांनी ओळखला म्हणून त्येला किंमत. तांबडा बरा दिसंना, तवा हुपरीत घासूनपुसून चांदीचं पाणी दिलंय. मागं सरांचं नाव कोरलंय.

टाळ्या बराच वेळ चालल्या.

डॉ. अनुजांनी त्याच्याकडून मूळ फोटो मागून घेतला. मोठा करून बघितला. मग माझ्याकडे सरकून हळूच विचारलं, खोटा कशावरून ठरवलात? फेटा कानावर आला होता, ऐकू आलं नाही असं दाखवलं. त्या म्हणाल्या, फोटोतल्यासारखा असता तर मी आठ लाखांपासून बोली लावली असती. मी विचारलं, आणि आता? त्यांनी चौकट उलटून मागचं माझं नाव वाचलं. म्हणाल्या, आता तुम्हाला आठवण म्हणून छान आहे.

चन्नवीर विचारत होता, काय म्हणाल्या बाई? मी म्हणालो, फार आवडला म्हणाल्या. त्याचे डोळे भरून आले.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चन्नवीर स्वतः ड्रिल मशीन घेऊन आला आणि चौकट बैठकीच्या खोलीत लावून दिली. नाव दिसावं म्हणून चौकट उलटी लावलीय. राणी भिंतीकडे. समोर 'अंबादास नेर्लेकर सर, नाणेतज्ज्ञ'. अक्षर सुबक आहे. खोल कोरलंय.

खरं सांगून टाकावं असं एकदा वाटलं. चहा पिईपर्यंत वाटत होतं. मग तो म्हणाला, सर, माझ्या हातनं आयुष्यात एवढं एक चांगलं काम झालं. मी म्हणालो, बिस्कीट घे.

हसत हसत कबनूरला गेला. गॅलरीतून त्याची मोटारसायकल दिसेनाशी होईपर्यंत बघत उभा होतो. आठ लाख गेले आणि त्या माणसाला पत्ताच नाही. आज रात्री तो गाढ झोपेल. मला त्याचाही हेवा वाटतो.