आबा, सेट सरपंचाला विकला

प्रिय आबा,
सप्रेम जयभीम.

जयंती तोंडावर आली. या दिवसांत तुम्ही पलंगाखालचा लाऊडस्पीकरचा सेट बाहेर काढायचात. आईचं जुनं लुगडं फाडून त्याचा बोळा करायचात आणि दोन्ही भोंगे आतून-बाहेरून पुसायचात. यंदा पलंगाखाली काही नाही. आईनं तिथं कांद्याची पाटी सरकवून ठेवलीय, मोकळी जागा दिसू नये म्हणून.

आबा, तुमचा सेट मी विकला. सरपंचाला विकला. हे तुम्हाला माझ्या तोंडून कळावं म्हणून लिहितेय. दुपारची सुट्टी झालीय, पोरं डबे खायला पांगलीत आणि मी वर्गात एकटी बसलेय. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं तुम्हाला पटलं नसतं, माहीत आहे मला. "टपाल कोन्च्या गावाला धाडू राह्यली, कौसा?" असं म्हणून हसला असतात. हसा. पण ऐकून घ्या.

तुम्ही गेलात आणि सेट आपल्या धाकट्या मिलिंदनं हातात घेतला. लग्नसराईत तो अंबडपर्यंत जायचा, झाडावर चढून भोंगे बांधायचा, मंडपाच्या कोपऱ्यात रेकॉर्डांची पेटी उघडून बसायचा. तुमच्यासारखाच माइकवर दोनदा टिचकी मारायचा. पण लग्नं बारा महिने थोडीच असतात? पावसाळ्यानंतर तो वडीगोद्रीच्या बाजूला विहिरीच्या कामावर गेला. तिथं वरून दगड काढायच्या यारीचा दोर तुटला. दगडांनी भरलेली पाटी त्याच्या उजव्या पायावर आली.

त्याला औरंगाबादला नेलं तेव्हा मी शाळेत होते. निरोप मिळाला तशी घरी धावले आणि पायाला लागल्या त्या चपला घालून निघाले. एका पायात माझी, एका पायात आईची! दवाखान्यात पोचेपर्यंत लक्षातही आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हाडाचे तुकडे झालेत. आत लोखंडी सळई घालून पाय वाचवायचा प्रयत्न करू. सळई बाहेरून विकत आणावी लागेल, रक्त लागेल, भारी इंजेक्शनं लागतील. जितकं लवकर होईल तितकं बरं. माझा पुढच्या महिन्यांचा पगारसुद्धा तुमच्या आजारपणातच उचल घेऊन संपला होता. नातेवाइकांनी दिलं, नाही असं नाही. पण ते सगळं मिळून सळईपर्यंतसुद्धा पोचेना.

घरात विकण्यासारखं एकच होतं.

तुम्ही मला सगळं सांगितलंत आबा. आवाज घुमायला लागला तर माइक कुठं सरकवायचा, बॅटरीत पाणी कधी घालायचं, सगळं. फक्त सेटची किंमत कधी सांगितली नाहीत! कोणी विचारलं की हसून विषय बदलायचात. का हो? तुम्हाला वाटलं होतं का, ही वेळ आपल्या घरावर येणारच नाही?

मी आणि धाकट्या मामानं सगळं बैलगाडीत घातलं, हमरस्त्यावर आणलं आणि तिथून एस.टी.च्या टपावर चढवलं. जालन्याच्या बाजारातल्या रेडिओच्या दुकानात नेलं. शेठजीनं ॲम्प्लिफायरचं मागचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि लगेच बंद केलं.

"बाई, हे वॉल्व्हवालं मशीन कोन घेतंय आता? ट्रान्झिस्टरचा जमाना आला. ह्यातलं तांबं तेवढं कामाचं. वजनावर घेतो. लावू काटा?"

त्यानं खरंच काट्याकडं हात केला. मी म्हणाले, "चालू करून तर बघा!" तर म्हणतो, "चालू असलं काय आन् बंद असलं काय, तांब्याचं वजन तेच भरनार."

मी सेट उचलायला लावला. मामा चिडला. "कौसा, पोरगं तिकडं पडलंय आन् तू भाव करू राह्यलीस?" पण त्या वजनाच्या पैशात सळई येत नव्हती आबा, मी काय करणार होते?

मग करीमभाई आठवले. बदनापूरचे, तुमच्याबरोबर फिरत्या सिनेमाच्या तंबूत कामाला होते ते. आता त्यांचं स्टेशनकडं लाऊडस्पीकरचं छोटं दुकान आहे. सेट बघताच त्यांनी ओळखला. तुम्ही हैदराबादहून पलटणीच्या जुन्या सामानातून हा आणलात, तेव्हा तेच बरोबर आले होते म्हणे. त्यांनी सेट लावला, वॉल्व्ह लाल होईपर्यंत थांबले, माइक हातात घेतला आणि काही बोललेच नाहीत. नुसता श्वास घेतला. तो श्वास भोंग्यातून समोरच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

"बेटी, हे असं मशीन आता मिळत न्हाई," ते म्हणाले. "रोज दोन टाइम वाजवलं तरी थकनार न्हाई. मला घेता आलं असतं तर आत्ता घेतलं असतं. पर माझ्याकडं तेवढं न्हाई." मग त्यांनी एक आकडा सांगितला. "ह्याच्या खाली बिलकुल येऊ नको. ज्याला रोज वाजवायचंय असा मानूस बघ. एखादं देऊळ, एखादी मशीद."

आकडा मी मनात मांडून बघितला. त्यात सळई येत होती, रक्त येत होतं, सगळं येत होतं.

आणि रोज वाजवणारं देऊळ म्हणजे आपल्याच गावचं! तिथं वीज आली होती, सप्ताहासाठी भोंगा घ्यायचा म्हणून सरपंच भगवानराव चौकशी करत होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

आबा, मला तो दिवस आठवतो. मी लहान होते, पण आठवतो. जयंतीसाठी तुम्ही अंबडच्या लाऊडस्पीकरवाल्याला इसार देऊन आला होतात. सकाळी त्याची गाडी वेशीपर्यंत आली. तिथं भगवानरावांच्या वडलांनी ती अडवली. "आज हा भोंगा वाजला, तर ह्या गावातलं एकबी लगीन तुला मिळनार न्हाई," म्हणाले. गाडी वळली. आपली माणसं निळे झेंडे हातात घेऊन बघत राहिली. त्याच वर्षी तुम्ही वस्तीत वर्गणी काढलीत. कचराआजीनं दंडातली चांदीची वाकी काढून दिली. पुढच्या जयंतीला आपला स्वतःचा सेट वाजला, आणि तुम्ही म्हणालात, "उपाशी मरीन, ह्याला भंगारात घालीन, पर त्यांच्या दारात इकनार न्हाई."

असं का बोलून ठेवलंत आबा? बोलणारा निघून जातो. मागे राहिलेल्यांनी त्या शब्दाचं काय करायचं?

मी भगवानरावांच्या दारात गेले. मामाला बाहेर थांबवलं. करीमभाईंनी सांगितलेला आकडा सांगितला. त्यांनी घासाघीस करावी असं मला मनापासून वाटत होतं! दोन शब्द कमी-जास्त बोलले असते, तर मला उठून येता आलं असतं. पण ते म्हणाले, "आबांचा सेट म्हंजे नामी चीज. पोराचं कसंय आता?" आणि आत जाऊन पैसे घेऊन आले. चहासुद्धा विचारला. मी तो प्यायले. कप वेगळा नव्हता, हेही मी बघून घेतलं. ते सगळं बघत मी तिथं बसले होते आबा.

सळई घातली. पाच-सहा दिवस बरे गेले. मिलिंद उशाला टेकून बसायचा, बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला गाणी म्हणून दाखवायचा. मग ताप चढला. पायाची बोटं काळी पडली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. पाय ठेवला तर पोरगं जाईल, म्हणाले.

गुडघ्याच्या वर कापला आबा. आपल्या मिलिंदचा पाय.

मी डॉक्टरांना एकच विचारलं. जालना, बदनापूर, पुन्हा गाव असं फिरण्यात जे दिवस गेले, त्यानं हे झालं का? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. जखम मुळातच घाण होती. "तसं सांगता येत नाही." हे वाक्य घेऊन मी काय करू? "नाही" म्हणाले असते तर मी झोपले असते. "हो" म्हणाले असते तर निदान रडले असते. आता वर्गात फळ्यावर बेरीज लिहितानाही मध्येच हात थांबतो. त्या शेठजीचा काटा दिसतो. तेव्हाच दिला असता तर? आणि मग सळईला पैसे कुठून आणले असते? तुम्ही सांगा ना! तुम्ही तर प्रत्येक गोष्टीचं उत्तर देत होतात.

सेट कोणाला दिला, असं मिलिंदनं दवाखान्यात विचारलं होतं. "जालन्याला," एवढंच मी सांगितलं. तो घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे देवळातला भोंगा वाजला. त्या एका भोंग्याला पोचा आहे ना, अंबडच्या लग्नात पडला होता तो. वरच्या पट्टीत अजूनही तसाच थरथरतो. मिलिंद अंथरुणात उठून बसला. माझ्याकडं बघितलं. कुबड्या लांब होत्या, म्हणून नुसता बघत राहिला.

"ताई," म्हणाला, "हा आपला हाय."

मी तोंड उघडण्याआधी आई चुलीपासून बोलली, "म्या सांगितलं इकायला. ती न्हाई म्हनत व्हती."

खोटं! आईला तेव्हा कशाची शुद्ध नव्हती, ती दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. मी म्हणाले, "आईनं नाही. मी विकला. मी एकटीनं ठरवलं." मिलिंद भिंतीकडं तोंड करून निजला. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला, पण माझ्याशी बोलला नाही.

वस्तीत कुजबुज झालीच. वर्गणीचा सेट होता, मास्तरणीनं परस्पर कसा विकला? तोंडावर कोणी बोललं नाही. कचराआजी तेवढी काठी टेकत आली. मला वाटलं, ही तरी पाठीवर हात ठेवील. ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "माझी वाकी व्हती त्यात. तू मला आदी इचारायचं व्हतं, पोरी. म्या न्हाई म्हनले नसते. पर इचारायचं व्हतं."

मी तिच्या पाया पडले. तिनं पडू दिलं. "नको" म्हणाली नाही.

परवा जयंतीसाठी बैठक झाली. भगवानरावांचा निरोप आला होता, सेट जयंतीला फुकट वापरा म्हणून. काही जण म्हणाले, घेऊ की, आपलाच तर आहे. तेव्हा मिलिंद ओट्यावरून बोलला, पाय गेल्यापासून पहिल्यांदाच चारचौघांत: "फुकटचा नको. आन् भाड्यानं बी तो नको. मला तो दुसऱ्याच्या हातात बघवनार न्हाई." कोणी वाद घातला नाही. अंबडहून नवा सेट ठरवलाय, ट्रान्झिस्टरचा. तो माणूस म्हणाला, सकाळी आठला येतो. बस्स, एवढंच! आता वेशीवर कोणी अडवत नाही आबा. ज्यासाठी तुम्ही हैदराबाद गाठलंत, ते आता एका निरोपावर होतं. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता ना? मला तुमची फार दया आली. आणि राग आला. आणखी थोडे दिवस थांबला असतात तर तुम्ही हे बघितलं असतंत.

बैठकीनंतर मिलिंद माझ्याशी बोलला. नीट नाही, पण बोलला. "ताई, तुला मागं वळून बघावं वाटलं न्हाई का, त्याच्या दारातून निघताना?"

मी म्हणाले, "नाही. बस चुकली असती."

त्यानं कुबड्या जवळ ओढल्या. मग म्हणाला, "बराबर."

त्या "बराबर"मध्ये माफी होती की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

पत्र सुरू केलं तेव्हा तुमची क्षमा मागायची असं ठरवलं होतं. आता इथवर आल्यावर ती मागवत नाही. तुम्ही जे बोललात ते तुमच्या जागी खरं होतं. पण तेव्हा तुमचं पोरगं दवाखान्यात नव्हतं. उद्या पुन्हा तशीच वेळ आली, तर मी पुन्हा त्याच दारात जाईन. पाय वाचणार नाही असं आधी माहीत असतं, तरीही गेले असते. फक्त त्याआधी कचराआजीला विचारीन.

आता एक वचन देते. मिलिंद म्हणतोय, मिरवणुकीत येणार नाही, कुबड्यांवर माणसांच्या मागं पडायला होतं. मी त्याला मागं पडू देणार नाही. त्याला सगळ्यांच्या पुढे उभा करीन, भोंग्याच्याही पुढे, आणि पोरांना, बायकांना, त्या अंबडच्या गाडीवाल्याला सांगीन, ह्याच्या पुढे कोणी पाऊल टाकायचं नाही. वेशीपर्यंत जायला दुपार झाली तरी चालेल. तो थांबला की सगळे थांबतील.

तुमची,
कौसा