रिकामी फेक

कुंडल, १४ जानेवारी २०२४

ती. आक्का हिस मानसिंगचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. सवयीनं 'सौ.' लिहायला हात गेला आणि थांबला. दाजी गेल्यावर तिथं जे लिहायचं असतं ते माझ्यानं लिहवेना. नुसतं आक्का चालेल ना?

दाजींच्या वर्षश्राद्धाला आचऱ्याला येणारच. पण फोनवर तू दुसरं जे मागितलंस त्यासाठी हे पत्र. दाजींचं फेकजाळं पुन्हा एकदा खाडीत पडावं आणि ते माझ्या हातून, अशी तुझी इच्छा. फेक मला येते. तुझ्या अंगणात दाजींनी चादर देऊन शिकवली होती. चादर माझ्याच डोक्यावर पडली तेव्हा तू हसून खाली बसली होतीस. पण आक्का, खऱ्या जाळ्याची किनार दातात धरावी लागते. ज्या तोंडानं देवाचं नाव घेतो, त्यात मासळीचं जाळं कसं धरू? गळ्यातल्या माळेला काय सांगू?

दिवाळीला आम्ही यायचो ते दिवस सारखे आठवतात. मी काठावर असलो की दाजींची पहिली फेक हमखास रिकामी यायची. मग सांगली डेपोत एसटी चालवताना उचललेल्या आपल्या बोलीत ते चिडवायचे, की माळकरी पावना आला की मासं बी एकादशी धरत्यात.

रागावू नकोस. माया होती तेवढीच राहू दे.

तुझा,
मानसिंग


आचरे, २३ जानेवारी

चि. मानसिंग यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आक्काच चालेल. तेच बरं.

माळेला बाध येईल असं मी कशी सांगेन रं? रविराजला म्हटलं होतं, तूच टाक. पण लेकाला ती किनार तोंडाजवळ नेववत नाही; तिच्यावर बाबांचे दात उमटलेत म्हणतो. जाळं परसातल्या मिरचीवर अंथरतो, कोंबड्या तरी शिरणार नाहीत, म्हणाला. मी हो म्हटलं. एकदा पाणी लागू दे आणि मग अंथर, एवढाच माझा हट्ट.

एक गोष्ट यांनी तुला सांगू नको म्हटलं होतं, ती सांगते. पहिली फेक रिकामी यायची नाही. हे ती रिकामी टाकायचे. मासळी कुठं नसते ते त्यांना ठाऊक होतं, तिथंच मुद्दाम. तुझ्यासमोर जीव तडफडू नये म्हणून. तू देवळाकडे वळलास की मग खरी फेक. चिडवायचे ते तुला संशय येऊ नये म्हणून.

हे गळ घालायला लिहिलं नाही. ये, जेव, बस. तुझं वेगळं पातेलं मी अजून वेगळंच ठेवलंय. वहिनीला आशीर्वाद.

तुझी,
आक्का


कुंडल, १२ फेब्रुवारी

ती. आक्का हिस साष्टांग नमस्कार.

काल सुखरूप पोचलो. निघताना तुझ्याशी धड बोलता आलं नाही. खाडीच्या काठावर तू पदर तोंडाला लावून लांब उभी होतीस, म्हणून तिथलं लिहितो.

पाण्यात उतरल्यावर माळ मुठीत धरली. देवाला म्हणालो, हे तोंड तुझंच आहे, आज घटकाभर दाजींचं होऊ दे. किनार दातात धरली. तू सांगितलंस ती रिकामी जागा रविराजनं दाखवली, तिथंच फेकलं. जाळं अर्धंच उघडलं, चादरीसारखं. वर ओढलं तर एक शेवाळाचा झुपका. रविराज डोळे पुसत म्हणाला, मामा, मासं बी एकादशी धरत्यात.

मग त्यानंच जाळं माझ्या हातून घेतलं. घड्या हातावर घेतल्या, किनार तोंडाशी नेली, थोडा थांबला, आणि दातात धरली. मी नेहमीसारखा देवळाकडे वळलो. मागं पाण्यावर जाळ्याच्या किनारीचं शिसं पडल्याचा आवाज आला, गोल, एकदम. वळून पाहिलं नाही.

देवळाच्या पायरीवर चूळ भरायला तांब्या घेतला आणि तसाच खाली ठेवला. घाट चढून घरी येईपर्यंत ओठांवर ते मीठ होतं.

मिरचीवर एखादी जुनी साडी अंथर. आणि रविराजच्या फेकीत काय आलं, ते मात्र मला कळवू नकोस.

तुझ्या मायेतला,
मानसिंग