चंद्रव्वाची बेरीज

सोलापूर, ता. ९ एप्रिल १९३४

प्रिय सरोजिनीस,

अनेक आशीर्वाद. बार्शीची नवी शाळा मानवली ना? इथं ऊन मरणाचं. आई बरी आहे, तिचे पापड झाले.

चंद्रव्वाची शिष्यवृत्ती कशी हुकली, हे तू दोनदा विचारलंस. कुंभारीच्या शाळेत तू शिकवलेली, तूच हट्टानं माझ्या शाळेत घातलेली पोर. चार गुणांनी हुकली. कमिटी बाजारबुणगी आहे, असं मी गावभर सांगत सुटलोय. शी! माझ्याच तोंडाचा मला वीट आलाय.

खरं ऐक. गणिताच्या पेपरात विधान होतं : दोन अपरिमेय संख्यांची बेरीज अपरिमेयच असते. खरं की खोटं? पोरीनं लिहिलं, खोटं. तीन अधिक दोनाचं वर्गमूळ ही एक, तीन वजा दोनाचं वर्गमूळ ही दुसरी. दोन्ही अपरिमेय. बेरीज केली की वर्गमुळं उडतात, उरतात सहा.

झालं! इतकं सरळ. आणि मी लाल शाईनं शून्य दिलं. पाच गुण गेले.

परिमेयात अपरिमेय मिळवलं तर उत्तर अपरिमेयच, हा नियम खरा. तोच दोन अपरिमेयांना लावून मी अकरा वर्षं वहीतून उतरवून देतोय. मुलं घोकतात, मी तपासतो. चूक कळली त्याच संध्याकाळी. गुणांची यादी अजून माझ्याच टेबलावर होती. पण सुधारली असती तर सगळ्यांपुढं अब्रू गेली असती. म्हणून सही ठोकली.

काल ती बापाबरोबर निरोप घ्यायला आली. शिष्यवृत्ती नाही तर शाळा नाही, असं बापानं आधीच ठरवलेलं.

"मास्तर, लई बार करून बगितलं, सहाच येतंय की. चुकलं कुटं, तेवडं दाकवा."

"तुझा नियम पाठ नाही," मी म्हणालो.

ती वाकली, माझ्या पायांना हात लावला. "व्हय मास्तर, माजंच चुकलं."

किळस आली गं मला त्या पायांची. 'ऊठ' म्हणालो. 'तू बरोबर होतीस' म्हणालो नाही.

मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत फिरलोय. माझ्या हातून होणार नाही. तू ये आणि हे पत्र त्यांच्यापुढं ठेव. जूनच्या आत ये. भाऊ म्हणून मला वाचवू नकोस.

ज्याच्या भरवशावर तू पोर सोडलीस, तो
गंगाधर