खवल्याचा श्वास

दि. २ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं भांडतो, म्हणून महत्त्वाचं ते कागदावरच, हा आईनं घातलेला नियम मी अजून पाळते. तेव्हा हे पत्र लॉन्ड्रीतली इस्त्री बंद करून, नीट बसून वाच.

इतकी वर्षं नाटकवाल्यांसाठी मुखवटे नि शेपट्या शिवल्यावर यंदा पहिल्यांदा अख्खा प्राणी माझ्या ताब्यात आला आहे. दलदलीचा राखणदार. जगात कुठंच नसलेला, पण बघणाऱ्याला कुठंतरी पाहिल्यासारखा वाटणारा, अशी आमच्या दिग्दर्शिकाबाईंची फर्माईश. माझी पहिली चित्रं त्यांनी एकेक करून बाजूला सारली. म्हणाल्या, हा पंख लावलेला सरडा आहे, हा फुगवलेला सरडा आहे, आणि हा तर सरडाच आहे.

वैतागून बागेत गेले. तिथं बुटाखाली पाइनच्या झाडाचं वाळलेलं लाकडी फळ आलं, शंकूच्या आकाराचं. खवल्याखाली खवला, आणि प्रत्येक खवला बाहेर उचललेला. मी तिथंच बसकण मारली. मग झाडाच्या सालीवर मऊ माती दाबून भेगांचा ठसा घेतला, तेव्हा माळी काठी घेऊन धावत आला. ओल्या ओंडक्यावरची भूछत्रं उलटी करून त्यांच्या खालच्या नाजूक पट्ट्या पाहिल्या. परतेपर्यंत प्राणी डोळ्यांपुढं उभा होता: भेगाळलेल्या सालीचे पाय, भूछत्राच्या पट्ट्यांचा गळा, आणि छाती, पोट, पाठ सगळीकडे खऱ्या फळांचे खवले. कार्यशाळेत त्याचं नाव खवल्या पडलंय.

आता मूळ मुद्दा. आत नाचणारं माणूस चणीनं लहान आणि अंगानं लवचिक हवं. बाईंनी नाटकमंडळीतून तुझी लेक टिटवीच निवडली. ती मोठी झाली आहे, तुला विचारायची गरज नाही, असं तीच म्हणते. पण तिचा लहानपणचा दमा तू विसरलेला नाहीस, आणि मीही नाही. खवले उचललेले असतात, म्हणून त्यांच्या आडोशाला श्वासासाठी भोकं ठेवते आहे. बाहेरून दिसणार नाहीत आणि हवा खेळती राहील. सोबत एक फळ पाठवते, तूच बघ.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो हे पत्र वाचूनही शिल्लक राहावा.

तुझी,
भिंगरी


दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र बसून वाचलं आणि मग उठून येरझाऱ्या घातल्या. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, तुझी बागेपर्यंत गेली, हे छान झालं. पण त्या प्राण्यात माझ्याच पोरीला कोंडायचं, हे कुठलं शहाणपण? तिच्या छातीतली ती शिट्टी ऐकत उशाशी मी बसलोय, तू नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस आहे मी, ताक फुंकूनच पिणार.

तुझी वहिनी म्हणते, पोर आता ठणठणीत आहे, मोडता घालू नका. म्हणून नाही म्हणत नाही. पण माझी एक अट आहे. एकदा, फक्त एकदा जरी तिला धाप लागली, तरी वेश उतरवायचा, सामान बांधायचं आणि घरी यायचं. मग मंडळी नाही आणि नाचही नाही. टिटवीला हे शब्दन् शब्द वाचून दाखव.

फळ लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर खिळ्याला टांगलंय. भारी तऱ्हेवाईक आहे. सकाळी छान फुललेलं असतं, आणि इस्त्री चालू झाली की दुपारपर्यंत घट्ट मिटून बसतं. अगदी तुझ्यासारखं, जरा काही बोललं की तोंड मिटून कोपऱ्यात. गिऱ्हाइकं कपडे विसरतात पण त्याचा रुसवा बघून जातात.

आशीर्वाद आहेतच, अटीसकट घे.

दादा


दि. १७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रुसणाऱ्या फळाची गोष्ट मी सगळ्या कार्यशाळेला वाचून दाखवली. आता कुणी गाल फुगवले की इस्त्री चालू झाली वाटतं, असं सगळे म्हणतात.

खवल्या आकाराला आला आहे. प्लॅस्टिकचे खवले करून पाहिले होते, पण ते चमचे चिकटवल्यासारखे दिसायचे. खरेच लावले. प्रत्येक खवला बुडाशी चिकटवायचा, टोक मोकळं ठेवायचं. बोटांची सालं निघाली, पण चालताना तो असा सळसळतो की झाडूवाल्या बाई त्याच्याकडे पाठ करून काम करत नाहीत. टिटवी आत शिरून तासभर नाचली, बाहेर आली ती बडबडतच. भोकांतून वारा लागतो म्हणाली.

आतून बोललेलं बाहेर ऐकू येत नाही, म्हणून खूण ठरवली आहे. गुदमरायला लागलं की हात वर करून छातीवर मूठ मारायची, मग आम्ही जे असेल ते थांबवणार. तुझी अट तिला वाचून दाखवली. ती हसली. जरा जास्तच लवकर हसली, असं मला वाटलं, पण ती आहेच तशी.

बाईंनी दलदलीच्या प्रवेशात धुक्याचं यंत्र आणि वरून पाण्याचा बारीक फवारा वाढवला आहे. धुकं थंड असतं, तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

वहिनीला सांग, ती म्हणते तेच खरं. तुझा राग ओसरला असेल तर कळव, नसेल तर लोभ तेवढा कळव.

भिंगरी


दि. २३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आयुष्य वाफेत गेलं माझं, मला धुकं शिकवू नकोस. थंड असो वा गरम, ओल ती ओलच. या आठवड्यात मी रात्री उठून दाराची कडी तपासतो आणि त्याला कारण सापडत नाही. तुझी वहिनी म्हणते, कारण सापडत नसेल तर गप्प बसा. बसतो. पण तालीम झाली की त्याच दिवशी मला कळव, पत्राची वाट बघायला लावू नकोस. आईनं तिथं सूट दिली असती.

अट विसरू नका, दोघीही.

दादा


दि. २८ मार्च

ती. दादास,
सा. न.

काल फोनवर मी घाबरत सांगितलं आणि तू, पुढच्या शुक्रवारी तिला न्यायला येतो, एवढंच म्हणून फोन ठेवलास. टिटवी बरी आहे, हे आधी पुन्हा लिहिते. डॉक्टरांनी छाती तपासली, दमा नाही म्हणाले. हवा कमी पडली होती. ती का कमी पडली ते आता लिहिते, कारण ते फोनवर सांगायची माझी छाती नव्हती.

वेशासकट पहिली तालीम होती. बाईंनी दलदलीचा प्रवेश पुन्हा पुन्हा करून घेतला, दुपार त्यातच गेली. धुकं, फवारा, परत धुकं. हळूहळू खवल्याचं अंग गुळगुळीत व्हायला लागलं. सगळे थक्क झाले. बाईंनी तर टाळ्या वाजवल्या, म्हणाल्या, हे कसं साधलंत? मीही मूर्खासारखी खूश झाले. मग खवल्या गुडघ्यावर आला. नाचात ते नव्हतं. त्याचा हात छातीपर्यंत गेला आणि मूठ न मारताच खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा खाली आला.

तेव्हा मला तुझं फळ आठवलं. इस्त्री चालू झाली की मिटून बसतं. दादा, ते रुसत नव्हतं. ओल लागली की ते फळ मिटतं, आणि त्याचा खवला सुटा करून चिकटवला तरी मिटतो. माझी सगळी भोकं त्या खवल्यांखाली होती. एकूण एक झाकली गेली होती. तू लिहिलंस, मी वाचलं, हसले, दहा जणांना हसवलं, आणि तसाच प्राणी पाण्यात उभा केला.

मी ओरडत रंगमंचावर गेले आणि कात्रीनं छातीपासून पोटापर्यंत वेश फाडला. आत तिचे ओठ निळसर पडले होते. पहिला श्वास घेतल्यावर ती म्हणाली की बाबांना सांगू नकोस.

तेवढं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तिला हात वर करता येत होता. तिनं तो तुझ्या अटीला भिऊन खाली घेतला. माझ्या खवल्यांनी तिचा श्वास अडवला आणि तुझ्या अटीनं तिची खूण. मी माझ्या वाटणीचं झाकणार नाही, तूही झाकू नकोस.

बाईंना सांगितलं आहे की छातीवर आणि पोटावर एक खवला राहणार नाही. पटत नसेल तर दुसरी कारागीर बघा. त्या हो म्हणाल्या. न म्हणत्या तर मी खवल्याला घेऊन गेले असते.

वहिनीसमोर उभं राहायची मला हिंमत नाही, तिला एवढंच सांग. लोभ मागत नाही, तो तू ठरव.

भिंगरी


दि. १ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र पोचलं असेल. मी खरंच बरी आहे आणि खादाडासारखी जेवते आहे, हे आईला सांगा.

हात मी का खाली घेतला ते तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं. पहिल्यांदा वाटलं, होईल बरं. दुसऱ्यांदा वाटलं नाही, तरी घेतला. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते आणि मनात एकच, की मूठ मारली की सामान बांधायचं. तुम्ही मला टिटवी म्हणता, जरा काही झालं की अख्खी गल्ली उठवणारी. तिथं मी गप्प बसले. मला स्वतःचीच भीती वाटली, बाबा. पुन्हा अट असेल तर मी पुन्हा गप्प बसेन, हे मला ठाऊक आहे, म्हणून हे लिहिते.

आत्या झोपत नाही, नुसती कापत-शिवत असते. आता खवले फक्त पाठीवर आहेत, आणि डोकं चटकन निघेल असं सुटं केलंय. छातीला भूछत्राच्या पट्ट्या लावल्यात, लांबच लांब, आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये फट. तिनं तो पुढचा भाग दिवसभर फवाऱ्याखाली ठेवला, मागून दिवा लावला आणि एकेका फटीतून उजेड येतो का ते पाहिलं. मग म्हणाली, अजून माझा माझ्यावर विश्वास नाही, उद्या परत बघू. मी श्वास घेते तेव्हा त्या पट्ट्या उघडतात, सोडते तेव्हा मिटतात. आणि धुक्यात पाठीचे खवले मिटले की खवल्या घाबरल्यासारखा दिसतो. बाईंनी तो प्रवेशच तसा केला आहे.

शुक्रवारी तुम्ही न्यायला आलात तर मी येईन, भांडणार नाही. पण अट मागे घेतलीत, तर हात वर करीन. एवढंच मागते.

आईला नमस्कार. तुमची माया कमी झाली नसेल, हे मी धरूनच चालते.

तुमची,
टिटवी


दि. ६ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. तरी शुक्रवारी मी निघालो. तुझ्या सामानासाठी रिकामी बॅगही घेतली. तुझ्या आईनं ती माझ्या हातात दिली आणि आत निघून गेली.

नाट्यगृहाच्या दारावरच्या माणसानं मला धोबी समजून आत सोडलं. तसा मी आहेच. शेवटच्या रांगेत अंधारात बसलो. तालीम चालू होती, धुकं सुरू होतं. तो प्राणी बाहेर आला तेव्हा आधी मी खुर्चीचा हात पकडला. ही आमची पोर आहे, हे मला ठाऊक असूनही पटेना. पाठ मिटत गेली. छाती मात्र हलत होती, वर, खाली, मी तेवढीच बघत होतो. वेश इस्त्रीला आला तर कुठून धरायचा, असंही एकदा मनात आलं. भिंगरीला सांग, काम सुंदर आहे, आणि तिच्यावरचा राग मी अजून पुरता सोडलेला नाही. माझ्यावरचाही नाही. ते फळ रोज माझ्या डोक्यावर मिटत होतं, आणि मी त्याचे विनोद करत होतो.

मग मध्येच तू थांबलीस, हात वर केलास आणि छातीवर मूठ मारलीस. मी उभा राहिलो. सगळे दिवे लागले, भिंगरी धावली, धुकं बंद झालं. काय झालं होतं, मला कळलं नाही. तू डोकं काढून पाणी प्यालीस, काहीतरी बोललीस, सगळे हसले, आणि तू पुन्हा डोकं घातलंस.

माझी अट मी तेव्हा मागे घेतलेली नव्हती. तरी तू हात वर केलास. मी बॅग उचलली आणि आलो तसा परत गेलो. भेटलो असतो तर घेऊनच आलो असतो.

घरी तुझ्या आईनं रिकामी बॅग पाहिली, माळ्यावर टाकली आणि माझं ताट वाढलं.

अट मागे घेतली आहे. पहिल्या प्रयोगाला आम्ही दोघं येतो. पुढच्या रांगेची तिकिटं काढू नकोस, मला मागूनच नीट दिसतं. तू हात वर केलास तर मला लगेच कळेल, आणि मी जागचा उठणार नाही.

बाबा